बायकांच्या बाजूचं पिंप

“मास्तर, उद्या मोठे साहेब येणार. ऑफिसात पाऊल टाकायच्या आधी त्यांना काय संडासाचं दर्शन घडवायचं?” इंजिनिअर वैतागला होता.

“घडू दे की. त्यांनाही लागतोच,” मास्तर म्हणाले.

बांधकामांवर फिरते संडास कुठे उभे करायचे, हे ठरवण्यात मास्तरांची तेवीस वर्षं गेली होती. लोक पाठीमागे ‘संडासमास्तर’ म्हणत. त्यांचा सख्खा मेव्हणा तर तोंडावरच म्हणे. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. काम चोख असलं की नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत.

पण या खेपेला चूक त्यांचीच होती. बायकांचा संडास त्यांनी फाटकाजवळ ठेवला होता. जागा सपाट, मैला उपसणाऱ्या गाडीला सोयीची, कामापासून ऐंशी पावलांवर. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. काल दुपारी तीनला, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, ते पिण्याच्या पाण्याची पिंपं बघायला गेले. पुरुषांचं पिंप रिकामं. बायकांचं काठोकाठ, आणि ऊन तर मी म्हणत होतं.

“पाणी का पीत नाही तुम्ही?” त्यांनी मुकादमीणबाईंना विचारलं.

“प्यायलं की जावं लागतं, मास्तर. फाटकाशी ट्रकवाले बसलेले. दार वाजलं की सगळ्यांच्या माना वळतात. तुम्ही पावलं मोजलीत, डोळे मोजायचे राहिले.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या.

म्हणून आज ते हटून बसले होते. नवी जागा ऑफिसच्या बाजूला, दार भिंतीकडे.

“त्यापेक्षा मागे भंगारापाशी टाका ना!” इंजिनिअर म्हणाला.

“तिथे गाडी जात नाही. आठवड्यात तुम्हीच नाक धराल.”

“साहेब भडकले तर पुढचं काम विसरा.”

“विसरलो. क्रेन बोलवा.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले, थबकले. “हे इथे कुणी ठेवलं?”

इंजिनिअर बुटांकडे बघू लागला.

“मी,” मास्तर म्हणाले. “विचारपूर्वक.”

साहेब तोंड वाकडं करून आत गेले. पुढच्या कामाचं काय ते मास्तरांना कळून चुकलं. वाईट वाटलं, नाही असं नाही.

तीन वाजता ते पिंपाकडे गेले. झाकण उचललं. तळाशी नुसता पेला पडला होता.

“अहो मुकादमीणबाई,” लेक परीक्षेत पहिली आल्याचं सांगावं तशा आवाजात ते ओरडले, “पाणी संपलंय तुमचं!”

आणि बाह्या सरसावून ते स्वतःच पिंप भरायला लागले.