थांबायची जागा

"इथं थांबा," तिनं बोट वर केलं. "पुढचं वाक्य घास गिळल्यासारखं गिळताय तुम्ही. मला एक शब्द कळला नाही. थांबा, खाली बघा, श्वास घ्या, मग बोला."

साहेब शहाण्या विद्यार्थ्यासारखे पुन्हा मागे गेले. केबिनच्या काचेखाली कारखाना चालू होता, पट्ट्यावरून पांढरे कप एकामागून एक भट्टीकडे सरकत होते.

"तुमच्यापैकी एकालाही मी वाऱ्यावर सोडणार नाही," साहेब म्हणाले. ओठ मिटले, नजर खाली घेतली, श्वास घेतला. "पण हा कारखाना या महिन्याअखेर बंद होतोय."

"छान," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग कुठं साहेब काय बोलले ते तिच्या डोक्यात शिरलं. उभा जन्म लोकांना भाषण करायला शिकवण्यात गेला की असं होतं. माणूस कसं बोलला ते आधी ऐकू येतं, काय बोलला ते मागून. खाली, कपांना कान चिकटवायच्या टेबलाशी, तिचा दादा बसला होता.

हा दादा म्हणजे तिचे आईबापच म्हणायचे. शाळा सोडून तो इथं चिकटला, तिला मात्र शिकवलं. बोटांच्या पेरांतली पांढरी माती त्याच्या लग्नातही निघाली नव्हती. बहीण आपल्या साहेबाला बोलायला शिकवायला येते, हे त्यानं टेबलावरच्या सगळ्यांना सांगून झालं होतं. वर तिलाच चिडवायचा, की त्याला बोलायला कशाला शिकवतेस, गप्प बसायला शिकव. ती म्हणायची, तेच तर शिकवतेय.

खरंच तेच शिकवत होती. साहेबांना बोलताना थांबायची भीती होती. थांबलो तर लोक हसतील, या धास्तीनं ते धावत सुटायचे. आता शिकले होते.

"साहेब," ती म्हणाली, "इथं नका थांबू. सरळ सांगून टाका."

"आत्ताच तर छान म्हणालात."

"लोकांचा गैरसमज होईल."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्यांनाही हे कालच कळलं होतं आणि वरचा हुकूम खाली पोचवायचा एवढंच त्यांच्या हातात होतं. ते म्हणाले की नेमकी हीच जागा त्यांना मनापासून जमतेय, ती तेवढी काढू नका. आणि ही गोष्ट सभेआधी या चार भिंतींबाहेर जाऊ नये. तिनं मान हलवली, पण जिना मात्र दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.

रविवारी जेवताना दादा बोलला होता. कुजबुज त्यांच्याही कानावर होतीच. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, साहेब काही वाकडं बोलला तर शेडमधून उठायचं नाही. मालकानं समोर येऊन पुढची सोय काय ते सांगेपर्यंत तिथंच ठिय्या द्यायचा. एकदा फाटकाबाहेर पडलो की आपल्याला कोण विचारतो, असं तो म्हणाला होता. त्याला नुसतं गाठून सांगायचं होतं, काहीही ऐकू आलं तरी उठू नकोस. पण फोन सगळ्यांचे फाटकाशी जमा. आणि ती शेडमध्ये पोचली तेव्हा पट्टा बंद झाला होता, माणसं रिकाम्या खोक्यांवर दाटीवाटीनं बसली होती आणि सुपरवायझर तिला अदबीनं पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे नेत होता. मागून दादानं हात उंच करून तिला दाखवला. तिनं मानेनं नाही-नाही म्हटलं. त्याला वाटलं, मागे येऊन बसायला नको म्हणतेय. त्यानं हातानंच सांगितलं, बस बस, तिथंच बस.

साहेब चांगले बोलले. इतके चांगले ते तिच्यासमोरही कधी बोलले नव्हते. भट्टीच्या धगीबद्दल बोलले, हातांबद्दल बोलले. आणि मग ते वाक्य आलं.

"तुमच्यापैकी एकालाही मी वाऱ्यावर सोडणार नाही."

साहेब थांबले.

आधी कोपऱ्यातून एक टाळी आली, मग शेडच्या पत्र्यांना हादरे बसावेत तशा टाळ्या पडल्या. माणसं उभी राहिली. कित्येक आठवडे टांगणीला लागलेला जीव खाली आला होता, काय करतील बिचारी. तिनं वळून पाहिलं. दादा शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता आणि डोळे पुसत होता. पुढचं वाक्य त्या शेडमध्ये दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक ती होती. उठून ओरडावं, वाजवू नका रे, असं तिला वाटलं. ती अर्धवट उठलीही. सुपरवायझरला वाटलं, बाईंनाही राहवलं नाही. त्यानं तिच्याकडे बघून आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांवर कधी बोलायचं नाही, हे तिनंच शिकवलं होतं. शेवटची टाळी विरू द्यायची, वर एक श्वास घ्यायचा. साहेब मान खाली घालून उभे राहिले. माणसं खाली बसली. एवढी शांतता झाली की भट्टी निवताना होणारी कुरकुर ऐकू आली.

"पण हा कारखाना या महिन्याअखेर बंद होतोय."

ती वाट बघत होती. आता कोणीतरी ओरडेल, आता दादा बोलेल. साहेब खाली उतरले आणि मागच्या दारानं निघून गेले. मग माणसंही एकेक करून उठली, खोकी जागच्या जागी लावली आणि फाटकाकडे चालू लागली.

दादा तिच्यापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण राग कुठं दिसत नव्हता.

"उठलात कशाला?" ती म्हणाली. "बसायचं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं गं. पण पाहिलंस ना त्याला? आम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गळा दाटला बिचाऱ्याचा. अशा माणसाशी काय भांडायचं?"

"दादा, ते मी शिकवलं होतं. तिथं थांबायचं, खाली बघायचं. मघाशी वर बसून करून घेतलं मी त्यांच्याकडून."

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग मातीचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. लहानपणी ती खोटं बोलून त्याच्या वाटणीचा मार स्वतःवर घ्यायची, तेव्हा ठेवायचा तसा.

"उगीच स्वतःवर घेऊ नकोस, चिमे. असलं काही शिकवून येतं होय?"

"अरे, खरंच सांगतेय—"

"बरं बरं." त्यानं वर केबिनकडे पाहिलं. तिथं दिवा लागला होता. "तू जा जरा वर. एकटाच बसला असेल तो. दोन शब्द बोल त्याच्याशी."

आणि तो फाटकाकडे आपला फोन घ्यायला गेला.