गुळाचा कोरा चहा

चांगुणाच्या चुलीवर सकाळी चहाची दोन भांडी चढायची. एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. तिचा नवरा गहिनीनाथ कोरा चहा प्यायचा, गुळाचा. त्यात आल्याचा तुकडा ठेचून टाकायचा आणि रंग काळा होईस्तोवर उकळू द्यायचा. धाकटा दीर गोरक्ष चार वर्षं नगरला लष्करी कॅम्पातल्या एका कँटीनमध्ये कामाला होता, तिथून तो वेगळीच सवय घेऊन आला. त्याला चहा दुधाचा लागे, साखरेचा, वेलदोडा घातलेला, आणि तो बशीत ओतूनच प्यायचा. "दुधाबिगर चहा म्हंजी काढाच की," तो म्हणायचा. "अन् दूधच प्यायचं तर चहा कशाला पायजे?" गहिनीनाथ उलटून विचारायचा. रोज सकाळी हेच. दोघं भाऊ हसत, आणि चुलीपाशी दोघी जावा हसत.

त्या साली दुष्काळ पडला. गुरं छावणीवर गेली, दारात एक शेळी राहिली. साखर तर बघायलाही मिळेना. तरी धाकटी जाऊ गोजर कपभर शेळीचं दूध काढून नवऱ्यासाठी बाजूला ठेवायची आणि त्याचा चहा स्वतःच्या हातानं करायची. चांगुणा तिला कधी त्यावरून बोलली नाही. लग्न होऊन दोन वर्षंच झाली होती पोरीला.

पारनेरच्या पठारावरच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता. यांच्या विहिरीच्या तळाला मात्र एका बाजूनं माती ओली लागत होती. तो ओलावा धरून दोघा भावांनी आडवं खोदायला घेतलं. माणूस वाकून आत जाईल एवढी कपार झाली होती. वर शेजारचा म्हातारा भिमाजी दोरानं मातीच्या पाट्या ओढून घ्यायचा.

त्या दिवशी चांगुणा भाकरी घेऊन बांधावर पोचली तेव्हा जमिनीखालून घुमल्यासारखा आवाज झाला. धोंडे घेऊन जाणारी बैलगाडी उलटावी तसा. पुढं बघते तर विहिरीतून धुळीचा लोट वर येतोय आणि भिमाजी रिकामा दोर हातात धरून उभा.

"दरड बसली," तो म्हणाला. "दोघं बी आत हुते."

डोक्यावरची पाटी तिनं कधी खाली ठेवली, ते तिला पुढंही कधी आठवलं नाही.

वस्तीवरची माणसं धावली, दुष्काळी कामावरची आली. कपारीचं तोंड पूर्ण बुजलं होतं. जोरानं खणावं तर वरची माती आणखी खाली येईल, म्हणून हातानं एकेक दगड काढायचा असं ठरलं. गोजर काठावर येऊन बसली. ती रडत नव्हती. नुसती विहिरीत बघत होती आणि मुठीत माती घेऊन चुरत होती.

"पोरी, चहा ठेव," भिमाजी चांगुणाला म्हणाला. "मान्सं दमत्याल. अन् तुज्या हाताला बी काम व्हईल."

तिनं तीन दगड मांडून विहिरीजवळच चूल पेटवली. पाणी टँकरचं, घरातून आणलेलं. गूळ टाकला, चहापत्ती टाकली. टाकली का? आठवेना. परत टाकली. चहा कडूजहर झाला. वर आलेला गडी तो पिऊन टाकी, तोंड वाकडं न करता, आणि परत खाली उतरे. एकानं प्यायलाच नाही. चिखलानं गारठलेले हात शेकत तो नुसता गरम पेला धरून बसला. चांगुणा प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायची. कुणी काही सांगेल म्हणून वाट बघायची, आणि कुणी काही सांगू नये असंही तिला वाटायचं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा खालून भिमाजीनं हात वर केला. तो म्हातारपणी स्वतः उतरला होता. "गप ऱ्हावा जरा."

सगळे गप झाले. दगडांच्या फटीतून आवाज येत होता. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा, घोगरा.

"कोन? गहिनी का गोरख?" भिमाजीनं फटीला तोंड लावून विचारलं. आतल्याला ते ऐकू गेलं नसावं. दोघा भावांचे आवाज तसे सारखेच, त्यात घशात धूळ. भिमाजी कान लावून राहिला. मग वर बघून म्हणाला, "चहा मागतोय. कोरा. गुळाचा म्हनतोय."

काठावरच्या सगळ्या माना चांगुणाकडं वळल्या. ती होती तिथंच खाली बसली. जिवंत आहेत. ह्यांचाच आवाज. एवढं एकच तिच्या मनात फिरत राहिलं. आणि मग तिला शेजारी गोजर बसलेली जाणवली. आवाज एकच आला होता. चांगुणानं तिच्याकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं, हात धरायला हवा होता, पण ती उठून चुलीकडं गेली.

या खेपेला तिनं चहा नीट केला. आलं नव्हतं म्हणून एका बाईनं घरून सुंठ आणून दिली. कुणीतरी फवारणीच्या पंपाची रबरी नळी आणली. तिचा औषधाचा वास जाईना म्हणून चांगुणानं ती राखेनं घासली, दोनदा कढत पाण्यानं धुतली, तरी वास घेत राहिली. हेच पोटात गेलं तर? तोंड भाजलं तर? किटलीतला चहा या पेल्यातून त्या पेल्यात करत तिनं निववला. किटलीला दोर बांधताना गाठ बसेना, तेव्हा तो गोजरनं हातात घेतला, बांधला आणि किटली खाली सोडली.

भिमाजीनं नळी फटीतून आत सारली. पलीकडून कुणीतरी ती ओढली. नळीतून आवाज एकदम स्वच्छ आला. भिमाजी ऐकत राहिला. बराच वेळ त्यानं वर बघितलं नाही.

"काय म्हनत्यात?" चांगुणानं विचारलं.

"गोरख हाय," तो म्हणाला.

"अन् हे?"

"जित्ता हाय. पायावर धोंडा हाय त्याच्या. थंडीनं कुडकुडत हुता, चहा चहा म्हनला, अन् मग बोलायचा थांबला. म्हनून गोरखनं मागितला. दादाला लागतो तसा."

चांगुणा काठाला धरून वाकली. "पित्यात का? विचारा की, पित्यात का?"

भिमाजीनं चहा थोडा थोडा ओतला. मग नळी कानाला लावली. "त्वांड उघडंना म्हनतोय. बोट बुडवून व्हटाला लावतोय."

चांगुणाच्या मागं गोजरच्या तोंडून हुंदका फुटला. तो आनंदाचा होता, आणि गोजरनं तो पदरानं तिथंच दाबला. चांगुणाला ते सगळं पाठमोरी असूनही कळलं. तिला राग आला नाही. घटकाभरापूर्वी ती स्वतःही अशीच सुखावली होती. आता तिच्या मनात फक्त ते बोट आणि ते ओठ होते. हलतायत की नाही?

खूप वेळानं नळीतून निरोप आला. गिळलं. एक घोट गिळला.

उन्हं कलली तेव्हा कपारीचं तोंड मोकळं झालं. आधी गोरक्ष निघाला, चिखलानं ओळखू न येणारा. वर यायला तयारच होईना. दादाच्या पायावरचा धोंडा उचलायला तोच परत आत गेला. गहिनीनाथला घोंगडीत बांधून वर घेतलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. छाती मात्र हलत होती. चांगुणानं तिच्यावर हात ठेवला आणि उचललाच नाही.

दुष्काळी कामावर खडी टाकणारा एक ट्रक होता, त्यात घालून त्याला नगरला न्यायचं ठरलं. रस्ता कच्चा. प्रत्येक खड्ड्याला पाय हले आणि बेशुद्धीतही तो कण्हे. गोरक्षचे हात सोलून निघालेले, त्याला काही धरता येईना. तेव्हा गोजर पुढं सरकली. थोरल्या दिरासमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, त्याच्यापुढं बोलायचीही नाही. तिनं मांडी घातली, तो पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. पदर वाऱ्यानं कुठल्या कुठं गेला होता.

सुपं गाव मागं पडल्यावर चांगुणा हळूच म्हणाली, "गोजरे, आवाज आला तवा मी तुज्याकडं बघितलं न्हाई."

"मी बी मागाहून तुमच्याकडं बघितलं न्हाई, आक्का," गोजर म्हणाली. "खड्डा येतोय, डोकं धरा त्यांचं."

केडगाव आलं, शहराचे दिवे दिसले. दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लागलं. तिघं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. आतून कुणी बाहेर आलं की चांगुणा उठून उभी राही, आणि ते माणूस दुसऱ्याच कामाला निघून जाई. गोरक्ष आपल्या सोललेल्या हातांकडं बघत सारखं तेच सांगत होता, की दादानं त्याला आत ढकललं होतं, नाहीतर तो धोंडा त्याच्यावर यायचा. दोघींनी ते ऐकून घेतलं.

शेवटी डॉक्टर आले. पाय राहील, म्हणाले, पण आखूड पडेल, काठी लागेल. जिवाला आता धोका नाही. शुद्धीवर आलाय, एकाच माणसानं आत जावं.

चांगुणा उठली, आणि भिंत धरून तशीच उभी राहिली. गोजरनं तिला दंडाला धरून दारापर्यंत नेलं. तिथं थांबून तिनं स्वतःचा पदर डोक्यावरून नीट पुढं ओढला आणि दाराबाहेर, अंग चोरून, जमिनीवर बसली.