पायाळूची कंबर

"अंगठा वर करा," चारुशीलाबाई म्हणाल्या.

कौशल्येनं आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. मनातल्या मनात त्याला हुकूम सोडला, मग विनवण्या केल्या, शेवटी एक शिवीही हासडली. अंगठा ढिम्म हलला नाही. डावा मात्र कुणी न सांगता टुणकन वर आला.

"तो नाही, हा."

"मले मालूम हाये बाई. त्यालेच मालूम नाही."

नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलात व्हरांड्याच्या टोकाला व्यायामाची खोली होती आणि चारुशीलाबाई तिथं रोग्यांकडून व्यायाम करवून घ्यायच्या. तिशीच्या आतबाहेरची बाई, पण बोलणं हेडमास्तरणीचं. कौशल्या शहराबाहेर वाडी गावातल्या एका गोदामात बारदाना, म्हणजे गोणपाटाची पोती, शिवायची. दिवसभर मांडी घालून, पुढं वाकून, सुईदोरा. दिवाळीनंतर एकदा पोत्यांचा गठ्ठा ओढताना कमरेत सणकन कळ आली, ती कुल्ल्यातून मांडीत आणि मांडीतून थेट घोट्यापर्यंत उतरली. दुखणं तिनं अंगावर काढलं. बाईमाणसाला दुखण्याची सवयच असते. पण एके दिवशी अमरावती रोडवर तिची चप्पल मागंच राहिली, आणि ती तशीच अनवाणी चालत राहिली. पायाला पत्ताच नव्हता. तेव्हा मात्र ती घाबरली.

"पाय दुखतो, पण दुखण्याचं मूळ कमरेत आहे," चारुशीलाबाई समजावू लागल्या. "दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि तिनं पायाकडं जाणारी नस दाबली. आता फळीवर झोपायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. पायाला पट्टा अडकवून पाऊल आपल्याकडं ओढून धरायचं आणि अंगठा उचलत राहायचं. हलो न हलो, आपण सांगत राहायचं. जोर आणखी कमी झाला तर मोठे डॉक्टर ऑपरेशनचं बघतील. आणि कमरेला हिसका बसू द्यायचा नाही. चोळून घेणं, पाठीवर कुणाला उभं करणं, ती पायाळूची लाथ, काही नाही! एका हिसक्यात पाय कायमचा जाईल."

कौशल्येला हसू फुटलं. हसल्यावर कमरेत कळ आली, तरी ती हसत राहिली.

"बाई, मीच पायाळू हाये."

चारुशीलाबाई दाराकडं बघत हळूच म्हणाल्या, "कॉलेजात असताना माझी पाठ धरली होती. आईनं मलाही नेलं होतं एका पायाळूकडं."

"मंग? वाटलं बरं?"

"दोन-चार दिवसांनी वाटलं. तसंही वाटलंच असतं."

दुखणं तसंही उतरतं, ही गोष्ट कौशल्येला फार वर्षांपासून ठाऊक होती. तिचा जन्म डोक्याऐवजी पायांनी झाला, आणि अशा माणसानं कमरेत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, असं सारं जग मानत होतं. काटोलकडच्या तिच्या गावात तर तिच्या पायाला मोठा मान. मान पायाला, पोरीला नाही. गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची, कंबर धरली की बोलावणं यायचं. एरवी ज्या घराच्या सावलीला उभं राहायची सोय नव्हती, त्याच घराच्या अंगणात मालगुजार उघड्या पाठीनं पालथा पडायचा आणि ही सात-आठ वर्षांची महाराची पोर त्याला लाथ मारायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! बाप कुंपणाबाहेर उभा असायचा. ती बाहेर पडली की गडी अंगणात शेणपाणी शिंपडायचा. मालगुजाराच्या पाठीवर मात्र कधी कुणी शिंपडलं नाही.

पार्वतीबाईंनी तिला सून करून घेतली, तीही या पायापायी. घरात दवाखानाच आला, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. पण दवाखाना वर्षभरातच बंद पडला. छप्पन सालच्या दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून, लाखो माणसांच्या गर्दीत उभी राहून कौशल्येनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि घरी येऊन सासूला सांगितलं, "आत्याबाई, आता मी कोनाले लाथ मारनार नाही."

"देव सोडले वं आपन," पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, "औषध थोडीच सोडलं!"

वीस वर्षं झाली, तो वाद अजून मिटला नव्हता. आता तर सासूच्या हाती कोलीतच मिळालं. "लोकाइले नाही म्हनत गेली, म्हनून तुह्या पायानं तुले नाही म्हटलं," असं त्या येताजाता ऐकवायच्या. पण सुनेला उठताना कळ आली की पहिला हात त्यांचाच पुढं यायचा. माया त्यांनी कधी कमी केली नाही, फक्त तोंड आवरलं नाही.

फळीची सोय नवऱ्यानं केली. रुपराव ट्रान्सपोर्टमध्ये हमाल होता. तिथून एका मोडीत निघालेल्या ट्रकचा मागचा फाळका तो डोक्यावर घेऊन आला. निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'हॉर्न प्लीज'.

"आता तुह्या बाजूनं जायाचं असन तं पयले हॉर्न माराव लागन," तो म्हणाला.

त्या फाळक्यावर कौशल्येनं हिवाळा काढला. कंबर कसायची म्हटलं तर कंबरच बसलेली, म्हणून तिनं मन कसलं. जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा करून पावलाला अडकवायचा, ओढून धरायचा आणि अंगठ्याला सांगायचं, ऊठ. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शेजारणी येऊन बघायच्या, चुकचुकायच्या आणि जायच्या. अंगठा पालथ्या घड्यासारखा. चारुशीलाबाई दर वेळी म्हणायच्या, "जोर कमी तर झाला नाही ना? मग चालू ठेवा."

थंडी सरत आली तशी कळ पुष्कळ उतरली. हुरूप आला, आणि हुरुपाच्या भरात एका सकाळी तिनं पाण्याची बादली उचलली. झालं! पहिल्या दिवशीची कळ पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली. फाळक्यावर पडून ती लहान पोरीसारखी रडली. इतके दिवस केलेलं सगळं पाण्यात गेलं असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात ती पहिल्यांदाच खचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वतीबाई शेजारच्या दाभ्याहून एका पोरीला घेऊन आल्या.

"हे यमू. पायाळू हाये. लहानच हाये, मागच्या साली लग्न झालं हिचं, पन गुन मोठा हाये पायात. हिच्या सासूचे पाय धरून आनली मी. कौशल्ये, एक डाव माह्यं आईक. पालथी हो."

कौशल्येला चारुशीलाबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. एका हिसक्यात पाय कायमचा जाईल. पण दुखणाऱ्या माणसाची अक्कल दुखण्याकडं गहाण पडलेली असते. तसाही मेल्यातच जमा आहे पाय, आणखी काय जाणार, असं तिच्या मनात आलं. ती पालथी झाली.

पोरीनं पदर खोचला. कौशल्येनं डोळे मिटले, दात घट्ट आवळले. लाथ येईना. मागं नुसता जोरजोरानं श्वास ऐकू येत होता.

"मार ना वं," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मारतो आजी. पाय उचलून राहिली..."

तो आवाज कौशल्येनं ओळखला. उभं राहायचंही त्राण नसलेल्या माणसाचा आवाज. तिनं मान वळवली. यमूनं एक हात भिंतीला लावला होता आणि दुसरा स्वतःच्या कमरेवर होता. पदराआड झाकलेलं पोट आता दिसलं, सहावा-सातवा महिना असावा.

"काहून वं? तुह्यी कंबर दुखते?"

यमूनं आधी पार्वतीबाईंकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "रोज दारात कोनी ना कोनी येते मावशी. कोनाले वापस नाही पाठवायचं म्हनते सासूबाई. पुन्य लागते. उभं राहून राहून माह्यीच कंबर गेली. पन पायाळूच्या कंबरेले कोन विचारते?"

कौशल्येलाही कुणी विचारलं नव्हतं, ना मालगुजारानं, ना कुंपणाबाहेर उभ्या बापानं. आणि आज ती स्वतः या पोरीपुढं पालथी पडली होती! तिला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेनंच तिला उठवलं. शिकवल्याप्रमाणं ती आधी कुशीवर वळली, पाय खाली सोडले, हातानं रेटा दिला आणि उठून बसली. कळ आली. येऊ दे.

"यमू, इकडं ये. झोप इथं. पालथी नाही, डाव्या कुशीवर." तिनं आपली गोधडी घडी करून पोरीच्या गुडघ्यांमध्ये दिली. "अशी. जरा डोया लाव."

"अन् लाथ?" पार्वतीबाई ओरडल्याच.

"या घरात कोनी कोनाले लाथ मारनार नाही, आत्याबाई."

"मंग तुह्या पायाचं काय होईन वं?"

"उठला तं उठला. नाही उठला तं ओढत नेईन. पन दुसऱ्याच्या लाथेनं नाही."

पार्वतीबाई यमूकडं वळल्या. पोरगी पडल्या पडल्याच झोपली होती, 'हॉर्न प्लीज'वर गाल टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून. किती दिवसांनी दुपारची पाठ टेकली होती कोण जाणे. पार्वतीबाईंनी तिच्या अंगावर आपलं धुवट लुगडं टाकलं आणि त्या गुपचूप चुलीकडं गेल्या.

पुढं कौशल्येचा पाय सुधारला, पण रुपयातले आठ आणेच. चालताना पाऊल थोडं आपटायचं ते शेवटपर्यंत. गोदामात ती परत गेली ती उभ्यानं करायच्या कामावर, आणि नवीन बायकांना पोतं कसं उचलावं हे दरडावून सांगायची. पण ते सारं नंतरचं. त्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली, पावलाला पट्टा अडकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

वाडीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. थोड्याच वेळात दारात माणसं जमली. दोन हमाल, एक ड्रायव्हर, आणि मागं गोदामाचे मुनीम मधुकरराव. सगळ्यांचा एकेक हात कमरेवर.

"पायाळू आली म्हंते तुमच्याकडं?" मधुकररावांनी विचारलं.

पार्वतीबाई दारात आल्या. उंबरठ्यावर हात टेकून, स्वतःची कंबर सावरत, कण्हत खाली बसल्या. दार पुरतं अडलं.

"हळू बोला गा," त्या म्हणाल्या. "पोरगी झोपली हाये."