एका घरात दोन संध्या

कॉलेजच्या प्रवेशखिडकीतल्या बाबूने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर एकेक बोट टेकवलं आणि विचारलं,

"या दोघी कोण?"

"मीच."

"दोन्ही?"

मागे रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. दीपमालाची कानशिलं तापली, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. एक कागद बारावीच्या गुणपत्रिकेचा होता: बगाडे संध्या पुंजाजी, कला शाखा, अकोला, एकाहत्तर टक्के. दुसरा आधार कार्डाचा: दीपमाला मनोज मेहरे. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणालाही दाखवा, या दोन बायांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कोणी म्हटलं नसतं.

"आडनाव बदललेल्या रोज दहा जणी येतात, ताई," बाबू म्हणाला. अमोल त्याचं नाव, टेबलावरच्या पाटीवर लिहिलेलं. वयाने तिच्याहून लहान, आणि आवाजात तुच्छता नव्हती, हेच जास्त चीड आणणारं होतं. "तुमचं तर पहिलंच नाव बदललं. दुसऱ्या कोणाची गुणपत्रिका घेऊन तुम्ही नाही आल्या, हे मी कसं समजू?"

"चोरून आणली काय मी?"

"तसं नाही म्हणत मी. विवाह नोंदणीचा दाखला आणा, नाहीतर नाव बदलल्याचं राजपत्र."

"नोंदणी कोणं केलीच नाही."

"मग लग्नपत्रिका आणा आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र. सासरचं माणूस साक्षीदार पाहिजे, ओळखपत्रासहित. पाच वाजता खिडकी बंद. आज शेवटची फेरी आहे, आणि मुलींच्या चारच जागा राहिल्या."

घड्याळात पावणेबारा झाले होते. दीपमालाने कागद उचलले आणि पिशवीत कोंबले.

पुढच्या वर्षी या, असं कोणी म्हटलं असतं तर तिने हो म्हटलं नसतं, कारण तिच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच. पुढच्या वर्षी तिची लेक प्रतीक्षा बारावी होणार होती. फुलांची शेती, सासूचं दुखणं, दोन चुली. एवढ्या पसाऱ्यातून एका बाईमाणसाला कॉलेजात सोडताना घराची मारामार होत होती, दोघींना सोडण्याचं नावच नको. आई की लेक असा प्रश्न पडला की उत्तर काय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दीपमालानेही तेच उत्तर दिलं असतं. म्हणून यंदाच. एकदा नाव लागलं की काढायला कोणी येणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

आणि ते नाव!

एकोणीस वर्षांपूर्वी ती बोहल्यावरून उतरली तेव्हा संध्याच होती. घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरले, मनोजच्या हातात अंगठी दिली आणि सासूने सांगितलं, दीपमाला लिही. त्याने लिहिलं. जावेचं नाव संध्या होतं, ती चार वर्षं आधी आलेली, थोरल्या शेखरची बायको. एका घरात दोन संध्या कशा चालतील? हाक मारली तर धावायचं कोणी? सगळ्या बायका हसल्या, पेढे वाटले गेले, आणि ताटातले तांदूळ संध्याकाळी भाताला गेले.

पहिली दोन वर्षं अंगणातून "संध्याऽ" अशी हाक आली की हिचा हात चुलीपाशी थबकायचा. मग जाऊ उठायची. पदर खोचत, शांतपणे, जणू ते नाव तिच्या बापाने तिला आंदण दिलंय! दीपमाला तिच्याशी कधी भांडली नाही. भांडायला काही कारण लागतं, आणि "तुमी माया नावानं उठता" हे काही सांगण्याजोगं कारण नव्हतं. पण जावेचं तोंड पाहिलं की ती मान फिरवायची. त्यात ती अंगठाछाप. बँकेत, रेशनच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, जिथे तिथे शाईत बोट बुडवून मोकळी. एकाहत्तर टक्केवालीचं नाव एका अंगठाछाप बाईपायी गेलं, हे दीपमालाला एकोणीस वर्षांत पचलं नव्हतं.

तिने मनोजला फोन लावला. तो फुलबाजारात होता, झेंडूच्या ढिगात, आणि त्याला ऐकू येत नव्हतं किंवा ऐकायचं नव्हतं. मग तिने प्रतीक्षाला लावला.

"आजीच्या पेटीत माया लग्नाची पत्रिका हाय. ते घे आन् घरातलं कोणी मोठं माणूस घेऊन पहिल्या बसनं ये."

"आजी किल्ली देईन काय, आई?"

"मांग तर खरी!"

अडीच वाजता फाटकातून आत आली ती जाऊ. एकटीच. पायात चपला, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. दीपमालाच्या कपाळावर आठी पडली. साऱ्या घरात पाठवायला हीच सापडली!

"प्रतीक्षा कुठं हाय?"

"तिची आज दुपारून परीक्षा नाही काय? मीच आली." जावेने पिशवीतून पिवळी पडलेली पत्रिका काढली. "बुढी किल्ली देत नव्हती. मी पेटीची कडीच उपटली."

हे ती वांगी तोडल्यासारखं सहज म्हणाली. दीपमाला पत्रिका घेऊन चालू लागली.

कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये धर्मपाल नावाचा टंकलेखक लॅपटॉप मांडून बसला होता. त्याने पत्रिका पाहिली आणि चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. वर चि. सौ. कां. संध्या, खाली निमंत्रकांत सौ. संध्या शेखर मेहरे.

"एकाच पत्रिकेत दोन संध्या? मंग यातली शिकणारी कोणती?"

"मी," दीपमाला फटकन म्हणाली. "ह्या नुसत्या साक्षीदार हायेत."

त्याने मजकूर टाइप केला, कागद बाहेर आला. जावेने तो उचलला. दीपमाला हात पुढे करणार होती, वाचून दाखवायला, नेहमीसारखा. पण जावेचे डोळे ओळींवरून चालत होते. चौथ्या ओळीवर ते थांबले.

"भाऊ, इथं बगाडेच्या जागी मेहरे झालं. मायेरचं आडनाव पाह्यजे न थे."

"अरे हो, राह्यलंच," म्हणून तो दुरुस्त करू लागला.

दीपमाला जावेकडे बघतच राहिली.

"तुमाले वाचता येते?"

"सातवी पास हाय मी. पुसद्याच्या शाळेत पहिली आलती."

"मंग अंगठा काहून देता सगळीकडं?"

जावेने कागद धर्मपालच्या टेबलावर ठेवला. 

"सही करायची तं नाव लिवा लागते. कोणाचं लिवू?"

"म्हणजे?"

"शकुन हाय मायं नाव. शकुन देवीदास." तिने पदराने तोंड पुसलं. "आपल्या सासूच्या सासूचं बी नाव शकुन होतं. बुढी म्हणे, सासूच्या नावानं सुनेले शिव्या कशा देऊ? म्हणून मले संध्या केलं. शिव्या द्यायले सोपं जावं म्हणून."

धर्मपालचं टाइप करणं थांबलं होतं. त्याच्या लक्षात आलं तसा तो पुन्हा खाली मान घालून बटणं दाबू लागला.

"मले तं कोणं सांगतलंच नाही," दीपमाला म्हणाली.

"तू इचारलं कधी?"

खरंच होतं ते. दीपमालाच्या अंगाचा भडका उडाला, आणि गंमत अशी, की तो कुठे टाकावा हे तिला कळेना. एकोणीस वर्षं तो जावेवर टाकायची सवय. आता सासूवर टाकावा, तर ती खाटेवर पडलेली. मनोजवर टाकावा, तर त्याने सांगितलं ते लिहिलं. एका सुनेचं नाव पुसून तिला भलतंच चिकटवलं, मग तेच नाव घेऊन दुसरी घरात आली तर तिचंही पुसलं. नावं म्हणजे काय घरातली भांडी होती, या फडताळातून त्या फडताळात मांडायला? आणि आपण इतकी वर्षं चोर समजून जिचा राग केला, तिचं घर तर आपल्याआधी चार वर्षं लुटलेलं. तिला रडू आलं नाही. तिला काहीतरी फोडावंसं वाटलं.

"आज सही करा तुमी," ती म्हणाली. आवाज चढला होता. "शकुन लिवा. ठणकावून लिवा."

"येडी हायेस काय? आधारवर संध्या हाय. कागद वापस करतीन थे लोक." जावेने स्वतःच शाईचा पॅड ओढला. "तुयं नाव लागू दे आदी."

तिने डाव्या हाताचा अंगठा दाबला, नीट, कडा न फिसकटता. इतक्या वर्षांचा सराव होता.

नोटरीचा शिक्का होईतो सव्वाचार वाजले. दोघी कॉलेजात परत धावल्या. अमोलने प्रतिज्ञापत्र वाचलं, पत्रिका उलटीपालटी करून पाहिली आणि मान डोलावली.

"प्रवेश गुणपत्रिकेवरच्या नावानंच होईल, ताई. ओळखपत्र, हजेरी, पदवी, सगळ्यावर हेच नाव. आधारचं तुम्ही नंतर पाहा. बसा बाहेर, नाव घेतो."

व्हरांड्यातल्या बाकावर त्या दोघी बसल्या. आजूबाजूला अठरा-अठरा वर्षांची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. एका मुलीने दीपमालाला विचारलं, "काकू, तुमच्या मुलीचं ॲडमिशन आहे का?" दीपमालाने "नाही" एवढंच म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. जाऊ पदराच्या टोकाने अंगठ्याची शाई घासत होती. ती निघत नव्हती.

"एवढं मनात ठेवून तुमी घरात राह्यल्या कशा?" दीपमालाने विचारलं.

"तू कशी राह्यली?"

 घासून घासून जावेच्या पदराचं टोक निळं झालं होतं, ते दीपमालाने तिच्या हातातून काढून घेतलं आणि पिशवीतला रुमाल भिजवून दिला.

पाचला दहा मिनिटं कमी होती तेव्हा खिडकीतून हाक आली.

"संध्या!"

जाऊ अर्धी उठली. हात पदर खोचायला कमरेकडे गेला, एक पाय पुढे पडला. मग ती थबकली आणि हळूच परत बाकावर टेकली.

दीपमाला मात्र हलली नाही. एकोणीस वर्षांत या हाकेला न उठण्याची तिने स्वतःला सवय लावली होती, आणि ती सवय आता पायांत उतरली होती.

"संध्या बगाडे! आहे का कोणी?"

जावेने तिला कोपराने ढोसलं.

"जाय नं," शकुन म्हणाली. "तुलेच बलावते."