घेणाऱ्याची बाजू

शब्दकोशाच्या कचेरीत ताईकडे इंग्रजीतलं 'आर' हे अक्षर होतं, आणि 'रिसीव्ह' या शब्दाने तिचं डोकं उठवलं होतं. शब्द सगळ्यांच्या तोंडातला. फोन रिसीव्ह करतात, पार्सल रिसीव्ह करतात, पाहुण्याला स्टेशनवर रिसीव्ह करायला जातात. पण इंग्रजीत माणूस जखमाही रिसीव्ह करतो आणि शिक्षाही, आणि तिथे त्याला कोणी विचारत नाही. मराठीत या प्रत्येकाची चूल वेगळी. मिळणे, घेणे, स्वीकारणे, सामोरे जाणे, भोगणे.

ताई मुळापर्यंत गेली. लॅटिनमधलं 'रे' म्हणजे मागे, परत. 'कापेरे' म्हणजे पकडणं, हातात घेणं. फ्रेंचमधून फिरत फिरत ते इंग्रजीत आलं. मराठीत 'मला मिळालं' म्हटलं की जे काही करायचं ते मिळणारी वस्तू करते, आपण नुसते उभे. या शब्दात तसं नाही. त्यात मुळापासून हात आहे. हे तिने पानभर लिहिलं आणि संपादकांनी परत पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की वाचकाला अर्थ हवा असतो, शब्दाचं खानदान नको.

एरवी ताईने दोन शब्द सुनावून विषय सोडून दिला असता. पण तेव्हा घरीही हेच चाललं होतं. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला जावं लागे. ताईचा रक्तगट जुळत होता. सुरुवातीच्या तपासण्याही चांगल्या आल्या होत्या. आणि हा पठ्ठ्या नको म्हणत होता. का, ते सांगत नव्हता. विषय निघाला की लिफ्टचा आवाज बरोबर येत नाही म्हणत खाली निघून जायचा.

शेवटी तिने त्याला डायलिसिसच्या खुर्चीवरच गाठलं. हातात सुया असताना पळून जाणार कुठे? तिने त्याला त्या शब्दाची सगळी कुळकथा ऐकवली. तो डोळे मिटून ऐकत होता.

"म्हणजे घेणं हेही काम आहे," ती म्हणाली. "नुसतं बसून मिळत नाही. हात पुढे करावा लागतो. तेवढंही तुला जड झालंय?"

भावाने डोळे उघडले. "ताई, आईबाबा गेल्यापासून मी तेच काम करतोय. तू देतेस, मी घेतो. तू कधी काही घेतलंस का माझ्याकडून? तुझा पंखा बिघडला, मी येतो म्हटलं, तर तू बाहेरून माणूस बोलावलास. अख्ख्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळतो मी."

"तुला त्रास नको म्हणून बोलावला."

"तेच तर म्हणतोय मी."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवावर बेतलंय आणि हा पंखा घेऊन बसलाय. ती तरातरा बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. रडू येत होतं, पण ते रागाचं होतं.

पुढे भावाची तब्येत ढासळत गेली. एका दुपारी त्याचा कचेरीत फोन आला. बरं, काय करायचं ते कर, एवढंच बोलून त्याने ठेवून दिला. ताई कामाला लागली. रजा टाकली, बॅग भरली, भावजयीला काय काय करायचं ते समजावून सांगितलं. 'रिसीव्ह'ची नोंद संपादकांनी कापून दोन ओळींवर आणली तरी तिने त्यावर सही करून टाकली.

आणि शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी तिलाच नाकारलं. तिची एक किडनी जेमतेम काम करत होती. चांगली काढून दिली तर तिच्यावरच डायलिसिसची पाळी आली असती, आणि दुबळी भावाच्या कामाची नव्हती. ताईने हुज्जत घातली, मशीन बिघडलंय म्हणाली, पुन्हा तपासणी करायला लावली. निकाल तोच. महिनोन्महिने ज्याच्या विनवण्या केल्या तो कसाबसा तयार झाला, आणि आता हिचीच किडनी घेता येत नव्हती. कोणावर चिडायचं तेही तिला कळेना.

घरी आल्यावर भावजय समोर बसली. "ताई, माझा रक्तगट 'ओ' आहे. कोणालाही चालतो. मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते तुम्हाला."

"कधी?"

"याच खोलीत. तुम्ही म्हणालात, तू लहान आहेस, मी आहे ना."

ताईला आठवलं. त्या वेळी तिने भावजयीकडे नीट पाहिलंही नव्हतं.

भावजयीच्या तपासण्या झाल्या, आणि ऑपरेशनही झालं. ताई दोन खोल्यांमधून फिरत राहिली. एकीकडे भाऊ, दुसरीकडे भावजय, आणि तिने काही करायला घेतलं की परिचारिका हातातून काढून घेई आणि बाहेर बसायला सांगे. नवी किडनी चालू लागली तेव्हा तिला आनंद झाला, खरोखरच झाला. पण त्यात आपलं काही नाही ही सल मात्र गेली नाही.

आता दर काही महिन्यांनी तिला स्वतःच्या किडनीची तपासणी करावी लागते. पहिल्या वेळी ती एकटीच निघाली, तर दारात भाऊ गाडीची किल्ली घेऊन उभा. मी रिक्षाने जाईन, ती म्हणाली. तो हलला नाही. त्याच्या तोंडावरचा मास्क, अजून पुरता न भरलेला चेहरा, आणि जिना चढून लागलेला दम. याला इथे वाद घालत उभं ठेवणं बरं नव्हतं. ताई कुरकुरत गाडीत बसली. तो ब्रेक फार उशिरा दाबत होता. ती तसं म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली.