पाववाल्याची पायडलं

"कोंडाजी, रगत येतंय तुझ्या पायाला," फुलाबाई म्हणाली.

तिच्या पदरात पाव टाकता टाकता कोंडाजीने खाली पाहिलं. नव्या लोखंडी पायडलचे दात चपलेच्या झिजलेल्या तळातून वर आले होते आणि उजवा चवडा रक्ताने माखला होता.

"लागलं असंल कुठं," तो म्हणाला.

"लागलं असंल? अरे, मांस दिसतंय. दुखत नाय तुला?"

इथे कोंडाजीने विव्हळायला हवं होतं. 'आई गं' म्हणत तो मटकन खाली बसला असता, तर फुलाबाईने हळद आणून दाबली असती, वर चहा पाजला असता. पण सोंग वेळेवर सुचावं लागतं. "नाय दुखत," तो खरं ते बोलून गेला.

फुलाबाईचा चेहरा उतरला. पायातून रक्त वाहतंय आणि माणसाला कळत नाही, याचा अर्थ त्या बाजूच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असतो. तिने पदरातले पाव ओट्यावर ठेवले आणि पदर झटकला.

महारोग कोंडाजीला झाला होता, हे खरंच होतं. तो बरा झाला होता, हेही तितकंच खरं होतं. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या त्याने वर्षानुवर्षं न चुकता खाल्ल्या होत्या आणि डॉक्टरांनी पाठ थोपटून सांगितलं होतं, "आता तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही." फक्त पायांच्या तळव्यांची गेलेली जाणीव परत आली नव्हती. त्यानंतर देवळाली कॅम्पातल्या बेकरीचे पाव सायकलवर लादून तो भगूरच्या पलीकडच्या वस्त्यांवर विकत होता. त्या खडकाळ चढावर दुसरा पाववाला फिरकत नसे. त्याच्या पावाने कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. पण चांगल्या गोष्टीची बातमी होत नाही, वाइटाची मात्र सायकलपेक्षा जोरात पळते. तो परत बेकरीवर पोचला, तोवर शेठना सगळं कळलेलं होतं.

रबराची जुनी पायडलं काढून ही दात्यांची जोडी शेठनीच दिवाळीला बसवून दिली होती. चढाला पाय घसरायला नको म्हणून. माणूस वाईट नव्हता, आणि त्यानेच कोंडाजीचं डोकं जास्त फिरलं.

"तुझा काही दोष नाही रे," शेठ गल्ल्यामागून म्हणाले. "पण खायची वस्तू आहे. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"डाक्टरचा कागद दाखवू का?"

"कागद पाहून कोणी पाव खातं का? तू असं कर, सायकल घेऊन जा. तशी आता तिच्यावर कोण बसणार?"

असं बक्षीस तोंडावर फेकून मारावं. पण सायकल फेकता येत नाही, आणि पोटाला ती लागणार होती. त्याने ती हातात धरून घरी नेली.

जखम भरेपर्यंत तो घरात बसून राहिला. बायको सगुणा रोज पाय धुऊन पट्टी बांधायची आणि रोज तेच बोलायची. "सटाण्याला माझ्या भावाकडं जाऊ. तिथं कुणाला ठावं नाय."

"आन तिथं परत लपवू? मी काय चोरी केली? दरोडा घातला?"

"वरडू नका. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे की! आता काय राहिलंय ऐकायचं?"

पाय बरा झाला, त्या दिवशी तो कॅम्पाच्या बाजारात गोरक्षच्या सायकल दुकानात गेला. बाकड्यावर दोघे जण पंक्चरसाठी बसले होते. तारेवर पायडलं ओळीने टांगली होती.

"ही घे," गोरक्षने लोखंडी जोडी काढली. "दात बघ. पाय हलायचा नाय."

"नको."

"मग ही, पट्ट्यावाली. शर्यतीला लावतात. पाय आवळून टाकायचा, सुटायची भानगड नाय."

"मला पाय बांधून घ्यायचा नाय."

गोरक्ष वैतागला. "पायडल घेतोय का बायको बघतोय? रबर लाव, अर्धं गाव तेच लावतं."

"हे अरुंद हाय. पाय अर्धा बाहेर राहतो. रुंद पाहिजे, मऊ पाहिजे आन कुठं टोक नको."

"कुणाच्या पायाला एवढे लाड?"

कोंडाजीने बाकड्यावरच्या दोघांकडे पाहिलं. मग दुकानाबाहेरही जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या. महारोग झाला होता मला. बरा झालाय. तळव्याला कळत नाय, कापलं तरी कळत नाय."

बाकडं रिकामं झालं. गोरक्ष तारेकडे पाहत हळूच म्हणाला, "तू सांग, मी काढून देतो. हात नको लावू सगळ्यांना."

कोंडाजीने तारेवरच्या प्रत्येक जोडीला हात लावला. एकही सोडली नाही. तळव्याला जे कळत नव्हतं ते पंजाने दाबून, कडेने बोट फिरवून पाहिलं. शेवटच्या टोकाला दूधवाल्यांच्या सायकलींना लावतात तसली जोडी होती. रुंद, सपाट, जाड रबराची, बोल्ट आत दडलेले.

"ही बसव."

गोरक्षने ती बसवली. मग रॉकेल घेऊन त्याने कोपरापर्यंत हात धुतले. तो रोज धुतो की आजच धुतले, हे कोंडाजीला कळेना, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडच्या बेकरीतून पाव उचलून तो जुन्याच रस्त्याला लागला. सगुणाने खूप सांगितलं, दुसरीकडे जा. त्याने ऐकलं नाही. दुसरीकडे पाव खपले असतेही, पण त्याला इथेच विकायचे होते.

वस्तीवर त्याच्या सायकलचा भोंगा वाजला. एकही दार उघडलं नाही. ज्या पोरांना भोंगा ऐकून आवरावं लागायचं, त्यांना आज आयांनी आत ओढलं. कोंडाजी मधल्या वडाच्या पारावर बसला, करंडीतला पाव काढला आणि सगळ्यांना दिसेल असा खाऊ लागला. एक झाला, मग दुसरा. कोरडा पाव घशात अडकत होता, तरी तो खात राहिला.

अखेर फुलाबाई बाहेर आली. हातात चहाचा कप होता. "कोरडं नको खाऊ, ठसका लागंल," ती म्हणाली आणि कप लांबच, पाराच्या कडेला ठेवून मागे सरली.

कप असा लांब ठेवायची रीत कोंडाजीच्या घराण्याला नवी नव्हती. बापाच्या वेळी लोक कारण वेगळं सांगायचे, एवढंच.

"मावशी, हातात दे."

फुलाबाई हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण हात पदरातच राहिले.

"एवढी वर्सं माझ्या हातचा पाव खाल्ला तू. काय झालं तुला? हातात दे."

तो हात पुढे करून उभा राहिला. चहावर साय धरली. फुलाबाई मान खाली घालून घरात गेली आणि दाराची कडी लागली.

कोंडाजीने करंडी आवळली. पाय पायडलवर नीट बसलाय का, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहिलं, आणि भोंगा वाजवत पुढच्या वस्तीच्या चढाला लागला.