फुगडीत उडालेली नथ आणि मी

मित्रांनो, जमिनीखाली काय दडले आहे ते तुम्हाला दिसत नाही. मलाही दिसत नाही, पण मला ते ऐकू येते! एक लांब दांडा, खालच्या टोकाला थाळीसारखी गोल चकती आणि वर हाताशी बटणांचा एक डबा, एवढेच माझे शरीर. मी धातू शोधणारे यंत्र आहे. लोक मला मेटल डिटेक्टर म्हणतात.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या बाईने माझ्या थाळीखालून एक नाणे सरकवले आणि मी ओरडलो, "टिंग!" तो माझा पहिला शब्द. मग एका गोऱ्या आजोबांनी मला विकत घेतले. त्यांचे गुडघे थकले तेव्हा मी गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे पडून राहिलो. किती हिवाळे गेले कोण जाणे! शेवटी २००३ च्या वसंतात आजोबांनी जुन्या सामानाचा सेल मांडला. ट्रॉय गावात राहणारे गुरुनाथकाका तिथे टेबलावरचा दिवा घ्यायला आले आणि मला घेऊन गेले.

घरी सुमित्राकाकू दारातच उभ्या होत्या.

"दिवा आणायला पाठवलं होतं ना? हे काय, व्हॅक्यूम क्लीनर?"

"अगं, याने जमिनीतला खजिना सापडतो!"

"मग आधी तुमचा चष्मा शोधा. सकाळपासून सापडत नाहीये."

काकांनी तिथेच नव्या बॅटऱ्या घातल्या. मी सोफ्याच्या फटीवर टिंग केले आणि चष्मा निघाला! काकू हसू दाबत आत गेल्या.

मित्रांनो, त्यानंतरचे शनिवार काय सांगू! काका कानाला हेडफोन लावत आणि केर काढावा तसे मला डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत. माझा आवाज आला की काकांचा श्वास थांबे. ते गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उचलत, खालची माती चाळत आणि काम झाले की झाकण पुन्हा बसवून पायाने दाबत. आत कधी पाठीवर गव्हाच्या लोंब्या असलेले एका सेंटचे जुने नाणे असे, कधी कुणा मुलाची हरवलेली खेळण्यातली मोटार. ती कुणाची असेल, तो मुलगा आता केवढा झाला असेल, असा विचार काका घरी जाईपर्यंत करत. मला तर प्रत्येक पावलाला वाटे, आता वाजणार, आता वाजणार!

पण पार्कमध्ये सर्वात जास्त काय सापडते ठाऊक आहे? सोड्याच्या कॅनवरच्या पत्र्याच्या कड्या! काका खिसे भरून त्या घरी आणत.

"आले आमचे भंगारवाले," काकू म्हणत. "वॉशिंग मशीन खडखडतंय ते तुमच्या खजिन्यामुळे."

काका वैतागले. माझ्या डब्यावर एक बटण आहे. ते जितके पुढे फिरवावे तितका हलका कचरा मला ऐकू येईनासा होतो. काकांनी ते पार पुढे फिरवून ठेवले. खिसे रिकामे राहू लागले आणि काकू शांत झाल्या.

मग २००६ चा श्रावण आला. काकांची सून अदिती अमेरिकेतच वाढलेली. तिची ही पहिली मंगळागौर. मंगळवारी सगळ्यांना ऑफिस, म्हणून बेत शनिवारी ठरला. सकाळी घरी पूजा झाली. पण लाकडी घरात एवढ्या बायकांनी झिम्मा घातला तर कपाटातल्या बश्या खाली येतील, म्हणून खेळ तळ्याकाठच्या पार्कमध्ये ठेवले. मला काकांनी गाडीत घेतलेच होते.

अदितीच्या नाकात पद्मिनीमावशींची नथ होती. मावशी म्हणजे सुमित्राकाकूंची मैत्रीण. नथ मावशींच्या आईची, आणि आई आता नव्हती. अदितीचे नाक टोचलेले नव्हते, म्हणून मावशींनी मुद्दाम नथीला चाप बसवून घेतला होता.

फुगडी रंगली. पदर खोचले गेले. "जोरात, अजून जोरात!" अदिती भोवऱ्यासारखी फिरली, थांबली आणि तिचा हात नाकाकडे गेला. नथ उडाली होती!

सगळ्या जणी गवतात बसल्या. गवत उंच, मोती बारीक. तेवढ्यात पार्कचा माणूस येऊन सांगून गेला की अंधार पडला की फाटक बंद होते आणि उद्या सकाळी गवत कापायचे यंत्र फिरणार आहे.

"मावशी, आय अ‍ॅम सो सॉरी," अदिती रडू लागली.

"जाऊ दे गं, वस्तूच ती," मावशी म्हणाल्या. पण त्यांची बोटे गवतातून निघत नव्हती.

काका धावत मला घेऊन आले. मी जवळ गेलो आणि बायकांच्या जोडव्यांवर, चांदीच्या पैंजणांवर कुईकुई करू लागलो.

"आधी सगळ्या जणी बाजूला व्हा!"

काकांनी सारी जागा विंचरली. मी गप्प. पुन्हा विंचरली. तरीही गप्प. सूर्य झाडांच्या मागे गेला. तेव्हा सुमित्राकाकूंनी कानातली कुडी काढून गवतावर ठेवली.

"हिला तरी ओळखतंय का बघू."

थाळी कुडीवरून गेली. मला काही ऐकू आले नाही! काका पांढरेफटक पडले. बारीक सोन्याचा आवाज आणि पत्र्याच्या कडीचा आवाज मला जवळजवळ सारखाच येतो. कड्या नकोत म्हणून काकांनी सोनेही बंद करून टाकले होते.

त्यांनी बटण पार मागे फिरवले. आणि मग काय विचारता! पावलोपावली मी बोलू लागलो. कडी, पत्रा, चॉकलेटचा चंदेरी कागद, पुन्हा कडी!

"आणा, सगळा कचरा आणा," काकू पदराची झोळी करून म्हणाल्या. "आज मी काही बोलणार नाही."

मी वाजलो की कुणीतरी गुडघ्यांवर बसून तिथले गवत बोटांनी उलगडी. एका आवाजापाशी मावशी स्वतः बसल्या. त्या उठल्याच नाहीत.

"गुरुनाथराव," एवढेच त्या म्हणाल्या आणि तळहात उघडला. नथ! एकही मोती गेला नव्हता. असा आरडाओरडा झाला की तळ्यातली बदके उडाली.

मावशींनी ती पुसून अदितीच्या नाकाला लावली.

"नको मावशी, पुन्हा पडेल."

"पडू दे. शोधणारा आहे ना! चल, फुगडी अर्धी राहिलीय."

मित्रांनो, आता २००८ साल आहे. माझ्या दांड्यावर ओरखडे आहेत, पण कान अजून तिखट आहेत. तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल तर हिवाळ्यात त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या पाझरून त्याला आतून खातात. परवानगी असेल तिथेच खणा आणि खड्डा बुजवा. कचऱ्याला कंटाळून आमचे कान मात्र बंद करू नका. आज ट्रॉयमध्ये बर्फ वितळले आहे, माती मऊ झाली आहे. चला, कोण धरतो माझा दांडा?